किल्ल्यांचा हंगाम: पेट सिटिंगच्या नोंदी, ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२४

१ ऑगस्ट, गुरुवार

गणपती ते दिवाळी हा हंगाम या वर्षी नीट लिहून ठेवायचा आहे. व्यवसाय कोथरूडमधला: मालक गावाला गेले की त्यांच्या घरी जाऊन कुत्र्या-मांजरांची देखभाल. माणसं चार. मी, ताई (आधी याच भागात घरकाम करायच्या, मांजरांच्या बाबतीत त्यांचा हात धरणारं कोणी नाही), कॉलेजात जाणारा भाचा आणि बँकेतून निवृत्त झालेले काका.

वहीत गिऱ्हाइकांची नावं-पत्ते येणार नाहीत. कोणतं घर कधी रिकामं असतं याची यादीच असते ही; वही रिक्षात राहिली तर? तसंही आमच्यात माणसांना कोणी नावाने ओळखत नाही. ब्रूनोची आई, माऊचे बाबा, सिंबाचे आजोबा. काकांना पहिले काही आठवडे हे जड गेलं, आता तेही फोनवर बिनधास्त म्हणतात, ‘हॅलो, ब्रूनोची आई का?’

गेल्या गुरुवारी, २५ जुलैला, एकतानगरीत पाणी शिरलं. आमचं तिथे कोणी नाही, पण नदीच्या अंगाला दोन घरं आहेत. त्या दिवशी प्रश्न पडला: मालक परगावी, फोन लागत नाही, आणि जनावर बाहेर काढायची वेळ आली तर ठरवायचं कोणी? म्हणून माहितीच्या फॉर्मला नवं पान जोडलं, ‘तातडीचं संमतीपत्र’. कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचं, किती रुपयांपर्यंत न विचारता खर्च करायचा, पुण्यात असलेला कोणता नातेवाईक निर्णय घेईल, मांजराची पिंजरापेटी कुठे ठेवली आहे. खाली सही. सहीशिवाय काम घ्यायचं नाही.

५ ऑगस्ट, सोमवार

वर्तुळ आखलं. करिष्मा चौकापासून चार किलोमीटर. कर्वेनगर, एरंडवणे, डहाणूकर, मयूर कॉलनी, वारज्याचा अलीकडचा भाग. बावधन हद्दीवर, तिथे सोसायटी बघून ठरवायचं. पेठांमध्ये एकच जुनं घर आहे, ते अपवाद म्हणून राहू दे.

भाच्याला हे पटेना. खराडीहून, बाणेरहून फोन येतात, पैसे द्यायला तयार असतात, सोडायचं कशाला? त्याला कागदावर मांडून दाखवलं. सकाळची फेरी साडेसहा ते साडेदहा, म्हणजे चार तास. एक व्हिजिट अर्ध्या तासाची, दर ३५० रुपये. दोन घरांमधलं अंतर पंधरा मिनिटांचं असेल तर फेरीत पाच घरं बसतात, १,७५० रुपये. अंतर पन्नास मिनिटांचं झालं की तीनच घरं, १,०५० रुपये. माणूस तोच, सकाळ तीच, पेट्रोल जास्त. शिवाय नळस्टॉपला अडकलेला माणूस पुढच्या घरी घाईत पोचतो. घाईत दार नीट लागत नाही आणि मांजर जिन्यात जातं.

लांबच्यांना नम्रपणे नकार द्यायचा आणि त्यांच्या भागात काम करणाऱ्या दोघी-तिघींचे नंबर द्यायचे. त्याही आमच्याकडे पाठवतातच.

९ ऑगस्ट, शुक्रवार

कागदपत्रं. उद्यम नोंदणी झाली, ऑनलाइन, फुकट. शॉप अ‍ॅक्टखाली दहापेक्षा कमी माणसं असतील तर नोंदणी लागत नाही, नुसती सूचना द्यायची. तिची पावती करंट अकाउंटसाठी बँकेने मागितली. जीएसटी सेवांना वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपासून. दिल्ली बहुत दूर है. चौघांची पोलीस पडताळणी केली. गिऱ्हाईक ती मागत नाही, पण दाखवली की खुर्चीत जरा मागे रेलून बसतं.

१८ ऑगस्ट, रविवार

आजचा अख्खा दिवस किल्ल्यांवर गेला आणि तो जायलाच हवा होता. लोकांना वाटतं हा धंदा प्राणीप्रेमाचा आहे. प्राणीप्रेम सगळ्यांकडे असतं, शेजारच्या पोराकडेही असतं. आपल्याला पैसे मिळतात ते घराची किल्ली आपल्याकडे निर्धास्त सोपवता येते म्हणून.

ठरलेली पद्धत अशी. किल्ली ओळखभेटीतच घ्यायची आणि मालकासमोर आपल्या हाताने दार दोनदा उघडून-लावून बघायची. नव्याने करून आणलेल्या किल्ल्या अर्ध्या वेळा अडकतात. ‘जरा वर उचलून फिरवा’ असं मालक सांगतो, ते फॉर्मवर लिहायचं, कारण ते त्याच्या मनगटाला माहीत असतं, आपल्याला नाही. किल्लीच्या बिल्ल्यावर प्राण्याचं नाव नको, सोसायटीचं तर नकोच, फक्त आकडा. आकडा कोणत्या घराचा ते वेगळ्या जागी. लॅचचं दार असेल तर कचरा टाकायला दोन पावलं बाहेर जातानाही किल्ली खिशात. दुसरी किल्ली त्याच इमारतीतल्या विश्वासू शेजाऱ्याकडे, आणि तो शेजारी त्याच दिवसांत गावाला जाणार नाही ना, हे विचारायचं. हा प्रश्न दर वेळी वेडगळ वाटतो आणि दर वेळी कामाला येतो.

आणखी एक: मालक परतेपर्यंत फोटो फक्त मालकाला. आमच्या पेजवर, स्टेटसवर काही टाकायचं नाही. ‘आज माऊसोबत’ असा फोटो म्हणजे माऊचं घर रिकामं असल्याची दवंडी.

२६ ऑगस्ट, सोमवार

टीमचं रेबीजचं आगाऊ लसीकरण सुरू. आज पहिला डोस, मग सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. काका कुरकुरले. चावा-ओरखड्याचा नियम पुन्हा सगळ्यांना: वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि थेट डॉक्टर. आगाऊ लस झाली असली तरी चावल्यावरचे डोस चुकत नाहीत. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

गौरीपूजन. अर्धं कोथरूड कोकणात. आमच्या दृष्टीने कोकण म्हणजे रेंज नसलेलं गिऱ्हाईक.

सकाळी भाच्याचा फोन: लॅब्रेडोरने रात्रीचं जेवण तसंच ठेवलंय आणि पट्टा दाखवला तरी उठत नाही. लॅब्रेडोर आणि जेवण सोडतो, हे एवढंच पुरेसं होतं. मी गेले. हिरड्या बघितल्या, फिकट. ताप १०४ फॅरनहाइट; कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ असतं. कानाच्या आतल्या घडीत आणि पायाच्या बोटांमध्ये गोचीड. पावसाळ्यात पुण्यात टिक फीव्हरची, म्हणजे गोचिडातून येणाऱ्या तापाची, शंका आधी येते. मालकांना फोन लावत राहिलो, ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. संमतीपत्र काढलं: ५,००० रुपयांपर्यंत विचारू नका, निर्णय एरंडवण्याच्या आत्याचा. आत्याला कळवलं, रिक्षात घालून डॉक्टरांकडे. रक्त तपासलं, प्लेटलेट उतरलेल्या, टिक फीव्हर. डॉक्सीसायक्लिन सुरू झालं. संध्याकाळी मालक गावातल्या टेकाडावर रेंज शोधत चढले तेव्हा त्यांना सगळं एकदम कळलं, आणि तोवर बिचारा दहीभात चाटत होता.

फॉर्मवर भर: गोचिडावरचा शेवटचा उपाय कधी केला, तारीख. आणि ताईंना ठळक सूचना: कुत्र्यासाठी आणलेलं गोचिडाचं औषध शिल्लक आहे म्हणून मांजराला लावायचं नाही. त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

अनंत चतुर्दशी. पेठेतल्या घरी दोन मांजरं. लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर, चारी रस्त्यांवर मिरवणूक. गाडी न्यायचा प्रश्नच नाही. ताई सकाळी लवकर डेक्कनवरून चालत गेल्या आणि संध्याकाळऐवजी दुपारीच दुसरी व्हिजिट करून आल्या. मिरवणूक उद्या दुपारपर्यंत संपली तरी खूप, म्हणून पाण्याची तीन भांडी आणि जादा लिटर ट्रे (मांजरांच्या शी-शूचा). ढोल सुरू झाले तशी दोन्ही मांजरं कपाटावरच्या गाद्यांत शिरली. त्यांना तिथेच राहू दिलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

पितृपक्ष. नवं गिऱ्हाईक या पंधरवड्यात सही करत नाही, ‘घटस्थापनेनंतर बघू’. म्हणून दरवर्षी प्रशिक्षण याच दिवसांत.

आज औषधं. एका बीगलला फिट्स येतात, त्याला गार्डिनाल दर बारा तासांनी, सकाळी सात आणि संध्याकाळी सात. हे औषध ‘साडेआठला देऊ’ म्हणून चालत नाही. डोस चुकला की त्यानेच फिट येऊ शकते. म्हणून बीगलचं घर फेरीत कायम पहिलं. बाकी सगळे त्याच्या वेळेभोवती फिरतील.

गोळी देण्याची रीत काकांकडून तीनदा करून घेतली. पनीरचे तीन छोटे तुकडे. पहिला रिकामा, गोळी दुसऱ्यात, तिसरा नाकासमोर धरूनच दुसरा द्यायचा. तिसऱ्याच्या आशेने तो दुसरा न चावता गिळतो. मग मिनिटभर तिथेच थांबायचं, त्याची टोपली आणि सोफ्याखालची फरशी बघायची, कारण हुशार कुत्रं पनीर खाऊन गोळी गालात ठेवतं. गोळीच्या पट्टीवर मागे पेनाने तारीख-वेळ, त्याचा फोटो मालकाला. वाडग्याचा फोटो गोड असतो, पट्टीचा फोटो पुरावा असतो.

फिट आलीच तर: आजूबाजूच्या खुर्च्या सरकवायच्या, तोंडात हात घालायचा नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेली तर गाडी काढायची.

मांजरांचं ताईंनीच आम्हाला शिकवलं. बोका पुन्हापुन्हा ट्रेमध्ये बसतोय आणि लघवी होत नाही, तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो. मांजराने पूर्ण दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, तर तेही फोन करण्याचं कारण. पॅरासिटामॉल मांजराला कधीच नाही, अर्धी नाही, पाव नाही. घरात लिलीची फुलं दिसली तर मालकाला विचारून आधी बाहेर. फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराला विष.

६ ऑक्टोबर, रविवार

ओळखभेटींचा दिवस. पहिल्या घरी मांजर दिवाणाखाली. मालकीणबाई ओढून काढायला निघाल्या, त्यांना बसवलं. ताई फरशीवर बसल्या, दिवाणाकडे पाठ करून, आणि बाईंना फॉर्मचे प्रश्न विचारत राहिल्या. मांजराकडे ढुंकून बघितलं नाही. चहा संपता संपता एक नाक त्यांच्या ओढणीला लागलं. बाई म्हणाल्या, ‘आमच्याकडे पाहुण्यांना दिसतच नाही ही.’ काम तिथेच पक्कं झालं. मी दराबद्दल बोलायलाही लागले नाही.

दुसऱ्या घराला नकार. ‘तुमच्याच घरी ठेवा ना आठवडाभर, जास्त देऊ.’ पिल्लू तीन महिन्यांचं, लसी अर्धवट. पाळणाघर हा वेगळा धंदा आहे. चार घरची कुत्री एका फ्लॅटमध्ये आली की खोकला सगळ्यांना, आणि पार्व्होचा विषाणू आला तर फरशीवर महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनाइलला दाद देत नाही.

तिसरीकडे कुत्रं छान, पण गॅलरीत पिंजऱ्यात पोपट. आपला साधा, लाल कंठाचा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, आपल्याकडचे पोपट पाळता येत नाहीत. आजोबांना सांगितलं की हा घरात असेपर्यंत आम्हाला येता येणार नाही. ते चिडले. ‘पन्नास वर्षं आमच्याकडे पोपट आहेत.’ असतील.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला, दिवाळीची यादी आज बंद. चौघांच्या फेऱ्यांत पाच-पाच घरं बसतात, तरी प्रत्येकाच्या फेरीत एक जागा मुद्दाम रिकामी, म्हणजे सोळा घरं. ती रिकामी जागा म्हणजे पंक्चर, ताप, तुंबलेला बोका. भाच्याला ती जागा दिसते आणि हात शिवशिवतात. दिवाळीचा दर (२८ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर) ५०० रुपये, त्यातले ३२५ जाणाऱ्याचे. सणाच्या दिवशी घर सोडून दुसऱ्याच्या घरी जाणाऱ्याला हे द्यायलाच हवेत. पूर्ण पैसे आगाऊ. २० तारखेपर्यंत रद्द केलं तर सगळे परत, नंतर निम्मे.

‘जाता जाता’ हा शब्द मात्र दरपत्रकातून हद्दपार. जाता जाता झाडांना पाणी, जाता जाता दूध आत घ्या, जाता जाता एसीवाल्याला दार उघडा. पाच कुंड्यांपर्यंत फुकट, त्यावर ५० रुपये. एका घरच्या गच्चीवर अख्खी बाग निघाली होती.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

रेल्वेची बातमी: १ नोव्हेंबरपासून आगाऊ आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी. घरातल्या कोणाला यात काही वाटलं नाही, मला मात्र हीच आठवड्यातली मोठी बातमी. आमचे फोन तिकिटं निघाली की वाजतात. यंदा दिवाळीची चौकशी जूनअखेरीला सुरू झाली ती त्यामुळेच. मे महिन्याची आता जानेवारीत नाही, मार्चमध्ये येईल. विमानाने जाणारे कधीही फोन करतात, त्यांचा हिशेब वेगळा.

२७ ऑक्टोबर, रविवार

उद्या वसुबारस. सोळाही घरांना शेवटचा मेसेज गेला: फराळाचे डबे ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर नकोत, वरच्या कपाटात. चिवड्यातल्या मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक, चॉकलेट तर आहेच, तळलेला कांदाही नको. दोघांनी विचारलं, लक्ष्मीपूजनाला दारात पणती लावाल का. विजेची माळ लावू. पेटती वात आणि मांजराची शेपटी एका घरात ठेवून आम्ही दार ओढणार नाही.

फटाक्यांना घाबरणाऱ्या तीन कुत्र्यांना डॉक्टरांनी गोळी दिली आहे. तिघांनाही ती गेल्या आठवड्यात, साध्या दिवशी, मालक घरी असताना देऊन बघितली. किती झोप येते, चालताना पाय लटपटतात का, हे लक्ष्मीपूजनाच्या रात्री कळून उपयोग नाही.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

नरक चतुर्दशी. इतर दिवशी पहाट सगळ्यात शांत, आज उलटं. चार-साडेचारला अभ्यंगस्नानाचे पहिले फटाके. म्हणून आजचं फिरवणं साडेसातनंतर, पोरं फराळाला बसली की. सातची गोळी मात्र सातलाच.

मयूर कॉलनीच्या एका सोसायटीत ब्रूनोने मुलांच्या किल्ल्याच्या बुरुजावर पाय वर केला. महाराज बचावले, दोन मावळे वाहून गेले. भाच्याने मांडी घालून बुरुज पुन्हा लिंपला, अळीवही पेरलं. मुलांनी माफ केलं, सेक्रेटरींनी केलं नाही. कुत्रं लिफ्टमधून न्यायचं नाही म्हणाले. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आमच्या बाजूने आहेत, त्यांची प्रत फोनमध्ये आहे. भाच्याला सांगितलं, ती काढायची नाही. आपण पाहुणे, मालक परत आल्यावर इथे राहणार ते. दुसरा मजला तर आहे, जिन्याने जा.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. घरची पूजा उरकून सिंबाकडे. चौथा मजला, देशी कुत्रा. साडेपाचला फिरवलं, पट्टा आणि हार्नेस दोन्ही, दोन दोऱ्या. बिथरलेलं कुत्रं एका गळपट्ट्यातून सहज निसटतं. सहाला जेवण, नंतर तो खाणार नाही म्हणून. गोळी. पडदे ओढले, पंखा पूर्ण वेगात, टीव्हीवर मंद आवाजात क्रिकेटची जुनी मॅच.

सातच्या सुमारास पहिली लड लागली आणि तो बाथरूममध्ये बादलीमागे गेला. लोक अशा वेळी कुत्र्याला बाहेर ओढून मांडीवर घेतात. त्याने जागा बरोबर निवडली आहे: खिडकी लहान, भिंती जाड. मी एक्झॉस्ट फॅन लावला, चादर आत सरकवली आणि दाराबाहेर फरशीवर बसून राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीला फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा अशी वेळ घालून दिली. आमच्या गल्लीने ती बाराच्या पुढे नेली. अधूनमधून त्याचा पंजा माझ्या पायाला लागत होता, आहे की गेली ते तपासायला. साडेबाराला बाहेर येऊन पाणी प्यायला. तिथून आजोबांना मेसेज; ते नागपुरात जागेच होते.

४ नोव्हेंबर, सोमवार

भाऊबीज झाली, किल्ल्या परत जायला लागल्या. एक घर शेवटच्या क्षणी रद्द, वेटिंगचं तिकीट. निम्मे पैसे परत करताना वाईट वाटलं, पण ती फेरी काकांनी मोकळी ठेवली होती. खराडीवाल्यांनी पुन्हा फोन केला, दुप्पट देतो म्हणाले. पुन्हा नाही. भाचा या वेळी काही बोलला नाही, हे नोंदवण्यासारखं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

विधानसभेचा निकाल. याची तयारी आठवडाभर आधीच केली होती, कारण निकालाच्या दिवशी दुपारीच फटाके सुरू होतात आणि दुपारी कुत्री गॅलरीत असतात. तीनही घाबरटांच्या मालकांना मतदानाच्या दिवशीच मेसेज केला होता. दोघांनी ‘आम्ही घरीच आहोत, पण बरं झालं सांगितलंत’ असं कळवलं. त्यातल्या एकांनी मे महिन्याचं विचारून घेतलं.

३० नोव्हेंबर, शनिवार

मे २०२५ ची यादी २ मार्चला उघडायची, जुन्यांना पहिला आठवडा राखीव. उन्हाळ्याचे नियम वेगळे: पग आणि इतर चपट्या नाकाच्या कुत्र्यांना सकाळी साडेसातच्या आत फिरवायचं किंवा फिरवायचंच नाही, डांबरावर उलटा हात पाच सेकंद टेकवता आला नाही तर पंजेही टेकवायचे नाहीत. ही घरं फेरीत पुढे घेतली की बीगलच्या सातशी टक्कर होते. त्यासाठी पाचवा माणूस हवा, किंवा घरं कमी करायची. मी दुसऱ्या बाजूची.

ताईंनी कर्वेनगरची फेरी स्वतंत्र मागितली आहे: गिऱ्हाईक त्यांचं, ओळखभेट त्यांची, मला फक्त हिशेबातला वाटा. अट एकच, कोणतं घर घ्यायचं आणि कोणाला नाही म्हणायचं ते त्या ठरवणार, मी मध्ये बोलायचं नाही. जानेवारीपासून. किल्ल्यांची दुसरी पेटी घ्यायला उद्या तुळशीबागेत.